रुळांना आमचे हात लागू द्या

रविवारी पहाटे कर्जतकडे जाणारी लोकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या गर्दीचे वर्णन करून सांगायला नको. आठवडाभर मुंबईकडे तोंड करून फलाटावर उभी राहणारी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसे त्या दिवशी उलटीकडे वळलेली असतात. पाठीवर पिशव्या, पायांत जाड बूट, बोलण्यात पेब, राजमाची, कोथळीगड. बदलापूर सुटले की वांगणी, शेलू आणि तिसरे नेरळ. तिथे निम्मा डबा रिकामा होतो. त्यातले बहुतेक पूल ओलांडून थेट रस्त्याला लागतात. थोडे मात्र पलीकडच्या छोट्या फलाटाशी रेंगाळतात. तिथे दोन फूट रुंदीचे रूळ आहेत आणि त्या रुळांवर माथेरानची गाडी उभी असते, किंवा नसते.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आमच्या शेजारचे काका माझ्याबरोबर होते. काकांची उभी हयात अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून गेली. निवृत्तीला आता बरीच वर्षे झाली. नातवाला माथेरान दाखवायचे हे निमित्त होते. पण नेरळला जुने वाफेचे इंजिन दिसल्यावर नातू बाजूला राहिला आणि काकाच इंजिनापुढे उकिडवे बसले. चष्मा कपाळावर चढवून ते चाकांच्या आत डोकावत होते. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "अहो, चाके सहा. तिन्ही आस एकाच दांड्याने बांधलेले. आणि वर घाटात एवढी वळणे. हे वळत कसे होते?"

मला अर्थातच उत्तर येत नव्हते. काकांनी ते नंतर शोधून काढले, आणि दोन आठवडे जिन्यात भेटेल त्याला ते सांगत होते. गंमत अशी आहे की या इंजिनाचे पुढचे व मागचे आस पोकळ आहेत. प्रत्येक पोकळ आसाच्या पोटात दुसरा भरीव आस, आणि दोघांची गाठ मधोमध एका गोल सांध्यात. आतला आस जोडदांड्यांबरोबर सरळ फिरतो. बाहेरचा चाकांसकट किंचित डावीउजवीकडे वळतो, सरकतो. म्हणून ताठ सांगाड्याचे इंजिन सापासारख्या वळणांतून जाते. जर्मनीत या रचनेला क्लीन-लिंडनर आस म्हणत. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे या इंजिनांचे सल्लागार अभियंता, आणि बनावट ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीची. "सगळ्यात अवघड काम तो गोल सांधा," काका म्हणाले. "पण मला लेथ द्या आणि नकाशा द्या. मी करीन." त्यांना लेथ आणि नकाशा कोण देणार, हा या लेखाचा विषय आहे.

माथेरानच्या गाडीची कुळकथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे या डोंगरावर चढले आणि हवा खायचे एक ठिकाण साहेबांच्या नकाशावर आले. पुढची पन्नास-साठ वर्षे माणसे नेरळपर्यंत आगगाडीने येत आणि वर घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी जात. मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले. सोळा लाख रुपये खर्चून सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट वर, असा चढ. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्थानके. वॉटर पाइप हे नावच सांगते की वाफेच्या इंजिनाला तिथे पाणी लागे. पन्नाशीच्या दशकात युंग कंपनीची डिझेल इंजिने आली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. ही रेल्वे सरकारने बांधलेली नव्हे. एका घराण्याच्या हट्टातून, नफातोट्याचा फारसा विचार न करता ती उभी राहिली. आज ती मध्य रेल्वेच्या पसाऱ्यातला एक लहानसा तुकडा आहे, आणि रोज लाखो प्रवासी वाहणाऱ्या यंत्रणेला या तुकड्याचे काय करावे हा प्रश्न पडत असला तर त्यात नवल नाही.

कारण गेल्या वीस वर्षांत ही गाडी जितकी चालली, तितकीच थांबली. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. शंभरीच्या तोंडावर, २००७ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरले आणि गाडी बंद झाली. अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि पूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये खुला झाला. दीड वर्ष गेले नाही तोच २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले. वरची शटल डिसेंबरात सुरू झाली, पण नेरळहून गाडी सुटायला २२ ऑक्टोबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. शिवाय दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, तो वेगळाच. प्रत्येक वेळी ती पुन्हा सुरू झाली याचे श्रेय रेल्वेच्या अभियंत्यांना आणि भर पावसात दरडी उपसणाऱ्या गँगमनना दिलेच पाहिजे. पण प्रत्येक वेळी आपण, म्हणजे पायथ्याशी राहणारी माणसे, काय करत होतो? "गाडी कधी सुरू होणार?" एवढे विचारत होतो. फार तर एखादे निवेदन.

माझे म्हणणे सरळ आहे. ही गाडी टिकायची असेल तर ती आपल्याकडे पाहुणी म्हणून राहून चालणार नाही. तिच्या कामात आपल्याला हात घालता आला पाहिजे, आणि तो घालू देण्याची रीतसर सोय रेल्वेने केली पाहिजे. वर्गणी किंवा निवेदन हे माझ्या मनात नाही. मी ठरलेल्या रविवारी, शिकून, परीक्षा देऊन आणि जबाबदारी घेऊन करायच्या बिनपगारी कामाबद्दल बोलतो आहे.

ही कल्पना कुणाला स्वप्नाळू वाटेल. ती पंचाहत्तर वर्षांपूर्वी वेल्समध्येही तशीच वाटली होती. तिथली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ च्या सुमारास सुरू झालेली. खाण बंद पडली तरी मालक सर हेडन जोन्स यांनी ती पदरमोड करून चालवली आणि जुलै १९५० मध्ये ते वारले. आता रूळ भंगारात जाणार हे उघड होते. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या एका लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलावली, सोसायटी काढली, आणि मे १९५१ मध्ये हौशी माणसांनी ती गाडी चालवली. जगात स्वयंसेवकांनी चालवलेली ही पहिली रेल्वे. पहिल्या वर्षी धड चालेल असे एकच इंजिन होते, आणि रूळ गवतात असे बुडाले होते की ते आहेत कुठे हे पाहावे लागे. आज ती गाडी चालू आहे, आणि तिच्यामागोमाग ब्रिटनभर अशा अनेक रेल्वे उभ्या राहिल्या. तिथे शिक्षक, बँकेतले कारकून, निवृत्त पोस्टमन सुट्टीच्या दिवशी इंजिनाची राख काढतात. मला त्यातले सगळ्यात आवडते ते असे की कुणी आल्याबरोबर इंजिनावर चढत नाही. आधी साफसफाई, मग फायरमनची उमेदवारी, आणि काही वर्षांनी वैद्यकीय तपासणी व परीक्षा पास झाल्यावर ड्रायव्हरची जागा. शिस्त पगारी रेल्वेइतकीच कडक. हौस आहे म्हणून सूट नाही.

आणि एक गोष्ट तर मनाला लागते. माथेरानच्या मूळ चार वाफेच्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. दुसरे एक, ७४० क्रमांकाचे, समुद्र ओलांडून इंग्लंडात लेटन बझर्ड इथल्या अरुंद रुळांच्या रेल्वेवर पोचले. तीही स्वयंसेवकांनीच सांभाळलेली रेल्वे. ज्यांनी नेरळ कधी पाहिले नसेल अशी माणसे आपल्या घाटातल्या इंजिनाजवळ सुट्टीच्या दिवशी जाऊ शकतात, आणि बदलापूरचा टर्नर मात्र बाहेरून डोकावून परत येतो. दार्जिलिंगच्या गाडीच्या प्रेमापोटीही इंग्लंडातच १९९७ साली सोसायटी निघाली. त्यांचे कौतुक जरूर करावे. पण आपले काय?

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडे कारागीर होते, आपल्याकडे कोण आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याने अंबरनाथ पाहिलेले नाही. या गावाची ओळख बाहेर दोनच गोष्टींनी होते, हजार वर्षांच्या उंबरठ्याशी आलेले शिवमंदिर आणि कारखाने. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेली औद्योगिक वसाहत. धातूच्या तुकड्यावर केसाइतका फरक बोटाने ओळखणारी माणसे इथल्या चाळींतून आणि सोसायट्यांतून आजही संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली आढळतील. उल्हासनगरची तर कथाच वेगळी. फाळणीत सगळे गमावून सिंधी माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत आली, १९४९ मध्ये त्या छावणीला नवे नाव मिळाले, आणि बघता बघता तिथे काय बनत नाही असे उरले नाही. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण चघळत आलो. पण त्या विनोदात एक कबुली दडलेली आहे. नमुना हातात दिला की हे लोक तो हुबेहूब करून दाखवतात. ज्याचे सुटे भाग जगात कुठेच विकत मिळत नाहीत अशा इंजिनाला आणखी काय हवे? त्यात रेल्वेतूनच निवृत्त झालेले मोटरमन, गार्ड, फिटर धरा. कल्याणपासून कर्जतपर्यंत त्यांची घरे आहेत.

मात्र हे भांडवल वर्षावर्षाने आटते आहे. वाफेचे शेवटचे इंजिन घाटात चढले तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीच्या आसपास आहे. कोळसा किती, पाणी कुठे, उतारावर इंजिनाचा आवाज कसा बदलला की काय समजायचे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसते. डब्याडब्यावर उभे राहून शिटीच्या खुणेवर हातब्रेक फिरवणाऱ्या ब्रेकमनचेही तेच. २०१६ च्या अपघातांनंतर हवेचे ब्रेक आले, ते बरेच झाले. पण शंभर वर्षे ज्यांच्या मनगटावर गाडी उतरली, त्या माणसांकडून ती विद्या कुणी लिहून घेतली आहे काय?

श्रमदान हा शब्द आपल्याला नवा नाही. गाडगेबाबांच्या झाडूपासून आजच्या दुर्गसंवर्धनाच्या मोहिमांपर्यंत त्याची परंपरा आहे. आमच्या इमारतीतली तीन मुले महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जातात, टाक्यातला गाळ उपसतात, बुरुजावरची झाडी काढतात आणि सोमवारी पाठ धरून कामावर जातात. २०१६ साली मुंबईची कितीतरी लोकल स्थानके स्वयंसेवकांनीच रंगवली. आणि २७ जुलै २०१९ चा दिवस आमच्या भागात कुणी विसरणार नाही. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराहून अधिक प्रवासी आत. नौदलाच्या आणि आपत्ती दलाच्या बोटी आल्या त्या आल्याच, पण आसपासच्या गावांतली माणसेही कुणी न बोलावता धावली, अन्नपाणी घेऊन उभी राहिली. रेल्वे ही परक्याची वस्तू आहे असे त्या दिवशी कुणाला वाटले नाही. माथेरानच्या मार्गावरही असे उदाहरण आहे. पेबच्या बाजूला रुळांलगत जो कड्यावरचा गणपती आहे, तो मिनी ट्रेनच्याच एका चालकाच्या पुढाकारातून उभा राहिला असे सांगतात. रोज गाडी नेताना त्याला खडकात आकार दिसला. वारसा जपण्याच्या शास्त्रात हे बसते की नाही हा वाद बाजूला ठेवू. त्या कड्यावर दगडसिमेंट वाहणाऱ्यांना कुणी मजुरी दिली नव्हती, एवढे माझ्यापुरते पुरे आहे.

शास्त्राचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजूचे वैगुण्यही सांगून टाकावे. हौसेला ज्ञानाची जोड नसली की नुकसान होते. जुन्या चुन्याच्या बांधकामावर कुणीतरी भक्तिभावाने सिमेंट थापले, हे दृश्य किल्ल्यांवर आपण पाहिले आहे. सव्वाशे वर्षांच्या इंजिनावर असा भक्तिभाव दाखवला तर बॉयलर फुटेल. म्हणून रेल्वेने परवानगी देताना हात आखडता घेतला तर मी तिला दोष देणार नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार विनापरवाना रुळांवर जाणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण तीच रेल्वे आपल्या स्काऊट-गाईडना आणि नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांना गर्दीच्या दिवशी स्थानकात उभे करते. म्हणजे बाहेरच्या माणसाला शिकवून, ओळखपत्र देऊन, मर्यादा आखून कामाला लावण्याची पद्धत तिला अनोळखी नाही. तीच इथे थोडी वाढवायची आहे.

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मला एका कामगार कार्यकर्त्याने सुनावला. "तुम्ही फुकट काम करणार, मग ज्याचे पोट त्या कामावर आहे त्याने कुठे जायचे?" याला झटकून टाकता येत नाही. या डोंगराच्या उतारावर ठाकूर, कातकरी, धनगरांच्या वाड्या आहेत. मार्गावरच्या मजुरीवर इथली काही घरे चालतात. मध्यमवर्गीय पेन्शनरांनी हौस म्हणून त्यांची कुदळ हातातून काढून घेतली, तर त्याला सेवा म्हणता येणार नाही. तेव्हा रूळ, भराव, गटारे, दरडी ही कामे पगारीच राहावीत, उलट त्या पगारांत वाढ व्हावी. स्वयंसेवकांनी करायचे ते काम असे की जे आज कुणीच करत नाही आणि ज्याला कुठल्याच खात्यात पद नाही. जुन्या इंजिनाचे भाग मोजून त्यांचे नकाशे काढणे. लाकडी डब्यांच्या खिडक्या, कड्या, बाके मुळाबरहुकूम बनवणे. म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी नोंदवणे. नेरळच्या फलाटावर, गाडीची वाट पाहत कंटाळलेल्या पोराला पोकळ आसाची गोष्ट सांगणे. शेवटचे काम सोपे वाटते, पण प्रवाशाला आपण कशात बसलो आहोत हे कळले की गाडी बंद पडल्यावर तो नुसता परतावा मागून थांबणार नाही.

युनेस्कोने दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याला २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले. माथेरान बरीच वर्षे संभाव्य यादीत आहे. ती पुढची पायरी चढली तर आनंदच आहे, पण सगळे डोळे त्या पाटीकडे लावून बसण्यात मला अर्थ दिसत नाही. डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप चढवण्याचा उपायही झाला. मुलांना तो आवडतो, फोटो छान येतात. काकांना तो अजिबात आवडला नाही. "मुखवटा आहे," एवढेच म्हणाले. मी त्यांच्याइतका कडक नाही. पण खऱ्याच्या जागी मुखवटा चालतो अशी सवय लागली की खरे दुरुस्त करण्याची निकड संपते, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

सुरुवात अगदी लहान करता येईल. १५ जूनच्या सुमारास खालचा मार्ग पावसासाठी बंद होतो, तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. हे चार महिने घाटातली धावपळ थांबलेली असते. नेरळला एक खोली, एक जुना लेथ, रेल्वेचा एक जाणता फोरमन आणि दर रविवारी दहा माणसे, एवढे जमले तरी पुष्कळ आहे. पहिल्या पावसाळ्यात नुसती मोजमापे आणि नोंदी. कुठल्याही चालत्या गाडीला स्वयंसेवकाचा हात लागणार नाही, ही अट पहिल्या दिवसापासून. विमा, ओळखपत्र, हजेरीपत्रक, सगळे असावे. गैरहजर राहणाऱ्याचे नावही काढून टाकावे. दहांपैकी सहा जण दुसऱ्या महिन्यात गळतील, हे मी आपल्या मंडळांच्या अनुभवावरून सांगतो. उरलेल्या चारांवर काम चालते.

मागच्या दिवाळीत काका उल्हासनगरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसले होते. दोन दिवस. परत आले तेव्हा रुमालात गुंडाळलेला पितळेचा वीतभर लांबीचा आस होता. बाहेरची नळी धरून हलवली की ती कलते, आतला दांडा सरळच फिरतो. नातवाने तो खेळून खेळून सांध्यात ढिला केला. काका दुसरा करणार आहेत, आणि या वेळी मूळ आसाची मापे घेऊन करायचा म्हणतात.